काट्याला न्यायाधीश कुणी केलं?

चळवळीतल्या माणसाचं वजन वाढलं की लोक म्हणतात, "नेता झाला." कमी झालं की म्हणतात, "शुगर लागली वाटतं." आणि कमी होऊन पुन्हा वाढलं तर काहीच म्हणत नाहीत, नुसतं वरपासून खालपर्यंत बघतात. या तिसऱ्या प्रकाराला उत्तर देता येत नाही, म्हणून तो जास्त लागतो. आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. आरक्षण, खासगीकरण, ॲट्रॉसिटी, संविधान हे सगळं सोडून ताई वजनावर काय लिहायला लागल्या, असं काही जण म्हणतीलच. त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कार्यकर्त्यांची यादी करावी. त्यातले किती जण इन्सुलिनवर आहेत, किती डायलिसिसवर आहेत आणि किती जण भिंतीवरच्या फोटोत गेले, ते मोजावं. मग पुढे वाचावं.

माझा हिशेब आधी मांडते. उंची १५४ सेंटिमीटर. फेब्रुवारी २०२३ मध्ये वजन ८१ किलो आणि एचबीएवनसी ६.४. साडेसहापासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते. दहा महिन्यांत १४ किलो कमी केले, ६७ वर आले. २०२४ च्या उन्हाळ्यात आईच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तिला मधुमेह आहे. सात आठवडे मी नाशिकला दवाखान्यात होते. रात्री बाकड्यावर झोप, दिवसभर चहा-बिस्किटं, भूक लागली की गेटवरचा वडापाव. घरी आलो तोवर घोटीचा पाऊस लागला होता. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की चार महिने माणसाला रस्त्यावर चालू देत नाही. पाऊस सरला तर विधानसभा आली. जानेवारी २०२५ मध्ये काट्यावर उभी राहिले तेव्हा ७६. चौदा गेले होते, त्यातले नऊ परत आले.

आत्या तोंडावर बोलणारी. "काय गं, परत फुगली तू?" तिचं मी मनावर घेत नाही, ती सगळ्यांनाच बोलते. मनावर घेतलं ते नाशिकमधल्या एका आहारतज्ज्ञ बाईंचं बोलणं. त्यांनी माझं आडनाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात मटण फार असतं ना? आणि मुळात इच्छाशक्ती लागते हो." मटण महिन्यातून एकदा होतं आमच्या घरी, तेही पाहुणे आले तर. पण ते सोडा. मला विचार करायला लावलं ते "मुळात" या शब्दाने. मुळात म्हणजे कुठे? माझ्यात की माझ्या समाजात?

समाजशास्त्रात एम.ए. करताना गॉफमन वाचला होता. १९६३ च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात त्याने कलंकाचे तीन प्रकार सांगितले आहेत: शरीराचे दोष, स्वभावाचे मानले गेलेले दोष आणि वंश, राष्ट्र, धर्म यांच्यातून पिढ्यान्‌पिढ्या चिकटणारा कलंक. जाडेपणाची गंमत अशी की तो दिसतो शरीरावर आणि नोंदला जातो स्वभावाच्या खात्यावर. आळशी, अधाशी, शिस्त नसलेली. त्यात आडनाव कळलं की तिसरा प्रकारही येऊन बसतो. कुणी घाई करू नये म्हणून स्पष्ट लिहिते, जातीचा कलंक आणि वजनाचा कलंक मी एका पारड्यात टाकत नाही. जाड माणसाला कुणी पाणवठ्यावरून हाकललेलं नाही. पण दोन्हीकडे युक्तिवाद एकाच घरातला आहे. तुझी जी अवस्था आहे ती तुझ्याच करणीची आहे, म्हणून ती तू गुपचूप भोग. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आपल्या पूर्वजांना तो हजारो वर्षं ऐकवला गेला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धांताची चिरफाड केली ती यासाठीच, की तो सिद्धांत अन्याय करणाऱ्याला मोकळं सोडतो आणि भोगणाऱ्याच्या माथी दोष मारतो. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण ते ओझं खाली ठेवलं. मग नऊ किलो वाढले म्हणून तेच ओझं मी पुन्हा का उचलू?

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं.

मी इगतपुरी तालुक्यातल्या पाड्यांवर कुपोषणाचं काम करते. ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशा वस्त्या आहेत. महिन्यातून एकदा अंगणवाडीत मुलांची वजनं होतात. छोट्यांना झोळीत घालून काट्याला टांगतात, मोठी काट्यावर उभी राहतात, दंडाला पट्टी लावतात. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल पडली की मूल 'सॅम' मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित. अशा मुलाला जादा आहार सुरू होतो, आशाताई घरी जाते, दोन-तीन महिन्यांत मूल वर येतं. आम्ही खूश होतो. आणि मग जुलै येतो, आवणीचा महिना. आई अंधारातच दुसऱ्याच्या खाचरात भात लावायला जाते, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली. तान्हं आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. विहिरीचं पाणी गढूळ, मुलाला जुलाब. ऑगस्टला काट्यावर ठेवलं की पाचशे-सहाशे ग्रॅम गेलेले आणि मूल परत लालमध्ये.

इतक्या वर्षांत एकाही सेविकेने त्या मुलाला "तुझी इच्छाशक्ती कमी पडली" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती रजिस्टर उघडते आणि प्रश्न विचारायला लागते. जुलाब कधीपासून? आई किती वाजता जाते? दुपारी कोण भरवतं? पाणी उकळता का? उत्तरं लिहून घेते आणि त्याप्रमाणे पुढच्या महिन्याची व्यवस्था लावते. घसरण ही तिच्या दृष्टीने बातमी असते. घरात काहीतरी बदललं आहे, ते शोधलं पाहिजे, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. प्रतीत्यसमुत्पादावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. हे असल्याने ते होतं, हे नसल्याने ते होत नाही. पण आपल्या सेविकाताईंनी तो शब्दसुद्धा ऐकलेला नसताना त्या दर महिन्याला तो राबवतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मूल स्वतःच्या हाताने खात नाही, मोठा माणूस खातो. वडापाव कुणी तोंडात कोंबलेला नसतो. मान्य. पण मोठ्या माणसाच्या हातात किती असतं ते तरी नीट मोजायला हवं.

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाची टीव्हीवरची स्पर्धा होती, जो जास्त वजन कमी करेल तो जिंकणार. केव्हिन हॉल या शास्त्रज्ञाच्या गटाने त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो कमी झाले होते, सहा वर्षांत सरासरी ४१ किलो परत आले. चौदापैकी तेरा जणांचं वजन परत वाढलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं शरीर बसल्या जागी जितकी ऊर्जा जाळायला हवी, त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे अंदाजे तीन भाकऱ्यांचा फरक. तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस जे खाऊन आहे तिथे राहतो, ते खाऊन यांचं वजन वाढणार. सहा वर्षं उलटली तरी शरीराने ती काटकसर सोडली नव्हती. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे फार कमी आहारावर ठेवलं आणि वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं. भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेली आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली होती. शरीराला तुमचा हेतू कळत नाही. वजन झपाट्याने उतरलं की ते एकच समजतं, दुष्काळ पडला.

आणि दुष्काळाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या शरीरांचा इतिहासही बघू. माझं आजोळ सिन्नर तालुक्यातलं. आई १९७२ च्या दुष्काळात जन्मली. आजी पोटुशी असताना खडी फोडायला जात होती. वर मिळायची ती सुकडी, आणि रेशनवर आला तो अमेरिकेचा मिलो. घरात आधी पुरुष, मग पोरं आणि उरलं तर बाई, हा क्रम दुष्काळात बदलला नाही. सुकाळातही कधी बदलला नव्हता. ज्यांच्या घरात कणगी होती त्यांनीही तो दुष्काळ सोसला, पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी कसा सोसला हे मी आजीच्या तोंडून ऐकलं आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या आया. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण बारकाईने मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळाचे स्नायू कमी पडले आहेत, पोटातले अवयव लहान आहेत, चरबी मात्र त्या मानाने राखली गेली आहे. हाडकुळं दिसणारं बाळ आतून चरबी जपून आलेलं. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश मित्राचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तर आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर बायकांची ८० व पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हा म्हणतात. माझ्या आईच्या मधुमेहाचं कारण हे एवढंच, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल असं कुणालाच म्हणता येत नाही. पण तिच्या गर्भवती आईच्या ताटात काय नव्हतं, हा प्रश्न तिच्या केसपेपरवर कुणी लिहिला नाही आणि "गोड खाता का?" हा मात्र प्रत्येक वेळी लिहिला गेला.

डाएटच्या बाजारातही हेच होतं. महाराष्ट्रात मध्यंतरी मोठा वाद रंगला. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, ते म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत जेवण आटपा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, त्या म्हणतात थोड्या थोड्या वेळाने खात राहा. घराघरात दोन पक्ष पडले होते. दीक्षितांची एक गोष्ट मला आवडते, त्यांच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. पण दोन्ही पक्ष एक गोष्ट धरून चालतात, की माणसाचं घड्याळ माणसाच्या ताब्यात आहे. आवणीच्या बाईचं घड्याळ शेतमालकाच्या हातात असतं, भात गिरणीतल्या कामगाराचं शिफ्टच्या, आशाताईचं बाळंतिणीच्या कळांच्या. आणि कार्यकर्त्याचं? कुणाचा फोन आला की रात्री अकराला पोलीस स्टेशनला जावं लागतं आणि जेवण दीडला.

स्वस्त प्रथिनांचं तर बोलायलाच नको. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर आधीपासून होतीच. गरिबाच्या ताटातला सगळ्यात स्वस्त मांसाचा तुकडा कायद्याने काढून घेतला आणि मग सांगायचं, भात कमी करा, प्रोटीन वाढवा. पनीरचा भाव बघून सांगावं. मी जे १४ किलो कमी केले ते अंडी, हुलगे, हरभरे, नागलीची भाकरी आणि घोटीच्या बाजारातली सुकट यांच्यावर केले. आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावर यातलं फक्त अंडं होतं, तेही पिवळा बलक काढून.

आपल्या माणसांना एक गोष्ट मात्र मी रागावून सांगणार आहे. जयंतीला गावोगावी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. पोरं बसतात, छान वाटतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्यांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते बेजार होते, शेवटच्या वर्षांत आधाराशिवाय चालणं कठीण झालं होतं आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले, हे आपण ६ डिसेंबरला रडताना आठवतो आणि ७ डिसेंबरला विसरतो. १९४८ साली त्यांनी आपल्या नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून दुसऱ्या लग्नाचा निर्णय कळवला, तो प्रकृतीचं कारण सांगून. म्हणजे शरीराला सांभाळणारी व्यवस्था लागते, हे त्यांनी ओळखलं आणि ती केली. आपण त्यांचं जागरण तेवढं उचललं. शिकागोमध्ये १२ धडधाकट तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्तीचं १८ टक्क्यांनी घटलं, हा २००४ चा अभ्यास आहे. केवळ दोन रात्रींत. आमच्या निवडणुकीच्या तीन आठवड्यांचं गणित तुम्हीच करा. रात्री दोनला ढाब्यावर बसून "उद्यापासून डाएट" म्हणणाऱ्या कार्यकर्त्यात खोट नाही, त्याच्या रक्तातच त्या वेळी भूक ओतलेली असते.

मग प्रयत्न कशाला करायचे? शरीर आपलंच म्हणणं खरं करणार, इतिहास पाठीवर, घड्याळ दुसऱ्याच्या हातात, तर बसा स्वस्थ! असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे आणि त्याला आधार आहे.

अमेरिकेत २००२ मध्ये तीन हजारांहून जास्त लोकांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं होती, माझ्यासारखीच. ज्यांनी थोडं वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे त्यांचंही वजन परत बरंचसं चढलं. तरीही दहा वर्षांनी मोजलं तेव्हा त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण इतरांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमीच होतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास तर आपल्यासाठी जास्त मोलाचा. ५३१ भारतीय माणसं. चालणं आणि आहार बदलणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि या गटाचं वजन जवळपास होतं तिथेच होतं. काटा हलला नाही तरी आतमध्ये फरक पडला. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा हायसं वाटलं. काट्याने माझी जी साक्ष दिली होती ती अपुरी होती. जूनमध्ये मी तपासणी करून घेतली. वजन ७५, म्हणजे सुरुवातीपेक्षा सहाच किलो कमी. एचबीएवनसी ६.१. कंबर ९८ होती, मधे ८८ झाली होती, आता ९३. परत आलेल्या नऊ किलोंनी सगळं पुसलं नव्हतं.

संयुत्त निकायात कोसल संयुत्तात दोणपाक सुत्त आहे. ते मी प्रत्येक बैठकीत सांगते. राजा पसेनदी भरपेट भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येतो. एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खाणारा राजा. भगवंत त्याला पापी म्हणत नाहीत, ओशाळवाणंही करत नाहीत. मात्रेने जेवणाऱ्याला काय लाभ होतो याची एक गाथा सांगतात. सुदस्सन नावाचा तरुण शेजारी उभा असतो. राजा त्याला म्हणतो, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज म्हण, तुला रोज शंभर कहापण देईन. राजा हळूहळू नाळीभर भातावर येतो आणि अंगाने हलका होतो. अट्ठकथेत तर आणखी बारीक तपशील आहे. शेवटचा घास बाजूला ठेवायचा, त्यातली शितं मोजायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढा तांदूळ कमी शिजवायचा. यात राजाची इच्छाशक्ती कुठे आहे? शोधून सापडत नाही. शेजारी बसणारा माणूस आहे, त्याला मोबदला आहे, शितांनी मोजलेली घट आहे. आजच्या भाषेत ही सगळी व्यवस्था आहे. (धम्मगिरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. दहा दिवस जाऊन तीन किलो उतरवून येणारे आणि महिन्यात चार चढवणारे पुष्कळ बघितले. दोष साधनेचा नाही. तिथे घंटा वाजवणारा असतो, घरी नसतो.)

आमचा सुदस्सन कोण, हा प्रश्न घेऊन आम्ही पाच जणी २०२३ मध्ये एकत्र आलो होतो. एक भात गिरणीत कामाला, एक आशा, एक शिवणकाम करणारी, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. पहाटे साडेपाचला निघायचो. हायवेच्या बाजूने जाण्यात अर्थ नाही, ट्रक अंगावर येतात. स्टेशनकडच्या रस्त्याला कुत्री. तरी जायचो. २०२५ उजाडेपर्यंत तिघी सुटल्या होत्या. गिरणीतल्या ताईला विचारायला घरी गेले तर ती दारातूनच म्हणाली, "माझं पाच किलो वाढलं ताई. काय तोंड दाखवू?" तिचे वडील मधुमेहाने गेले. तिला गुडघ्यांचा त्रास आहे. आणि ती चालायची थांबली, तीही गुडघ्यांमुळे नाही, आकड्याच्या लाजेने. मला वाटतं वाढलेल्या पाच किलोंनी तिचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या लाजेने केलं. वजन माणसाला आमच्यातून घेऊन गेलं नव्हतं. लाज घेऊन गेली.

म्हणून या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. एक, वजनाची वही बंद केली आणि अंगणवाडीसारखं रजिस्टर घातलं. रकाने असे: या आठवड्यात किती दिवस चाललो, किती रात्री सहा तासांच्या वर झोप झाली, घरात कुणी आजारी आहे का, कामाची पाळी बदलली का, दुपारचं जेवण किती वाजता झालं. कुणी दोन आठवडे दिसली नाही तर तिच्या घरी कुणीतरी जायचं आणि सेविकेसारखे प्रश्न विचारायचे. कधीपासून? काय बदललं? आम्ही काय करू शकतो? गिरणीतल्या ताईची पाळी बदलली होती, ती पहाटे येऊच शकत नव्हती. आता संध्याकाळची वेगळी वेळ केली आहे, तिच्यासोबत आणखी दोघी येतात.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर चालणार कुठे? आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल मोठा आहे, संध्याकाळी वंदनेनंतर मोकळा असतो. तिथे फेऱ्या मारायचं ठरवलं. समितीतल्या एका बाबांनी हरकत घेतली. "विहार म्हणजे काय जिम आहे का पोरी?" मी अंगुत्तर निकायातलं चंकम सुत्त काढून त्यांच्यासमोर ठेवलं. भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि चालताना मिळवलेली समाधी जास्त टिकते. पाचांपैकी चार तर सरळ शरीराचेच. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बरं. पण चपला बाहेर. आणि मोबाईलवर गाणी नकोत."

एक फेरी साधारण तीस मीटरची होते. शंभर फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटर. मोजायला आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर हरभरे ठेवतो, दहा फेऱ्या झाल्या की एक हरभरा वाटीत. या १४ एप्रिलला भोजनदानात बुंदीबरोबर उकडलेले हरभरे आणि काकडीही ठेवली होती. बुंदी आधी संपली हे खरं आहे. पण हरभऱ्याचं पातेलंही रिकामं झालं आणि पुढच्या वर्षी दोन पातेली लावायची, असं समितीने स्वतःहून ठरवलं.

सध्या आवणी चालू आहे, त्यामुळे आम्ही नऊ जणींपैकी तिघी रोजाने भात लावायला जातात. दिवसभर वाकून आलेल्या बाईला चाल म्हणायचं नाही, असं ठरलं आहे. त्या येतात, भिंतीला टेकून पाय पसरून बसतात आणि हरभरे मोजतात. रजिस्टरमध्ये त्यांची हजेरी पूर्ण लागते. वजनाचा रकाना आम्ही शेवटचा ठेवला आहे, भरायचा की नाही ते जिचं तिने बघायचं. माझा भरलेला आहे: ऑगस्ट २०२५, ७४.६.

जय भीम.